आप्पांच्या ब्रशाची सेटअप वही

९ जून २०२४, रविवार

आज आप्पांच्या गालावरून चार केस वेचले. ते त्यांचे नव्हेत, ब्रशाचे होते. काळे, ताठ, नायलॉनचे. हा ब्रश मीच फेब्रुवारीत बेळगावच्या गणपत गल्लीतनं ऐंशी रुपयांना आणला होता. त्याच्या आधीचाही तिथलाच होता आणि तोही असाच टक्कल पडून गेला.

आप्पांची कातडी आता पातळ झाली आहे. ब्रश फिरला की ब्लेड लागायच्या आधीच गाल लाल होतो. ते काही बोलत नाहीत. चाळीस वर्षं वडगावात माग चालवलेला माणूस दाढीच्या ब्रशाची तक्रार कशाला करेल? बोलली ती आईच: "एवढं उद्यमबागेत मशीनवर काम करतोस, बापाला धड एक ब्रश करून दे की."

कामावरच्या सेटअपची, म्हणजे मशीनवर जॉब लावताना मापं टिपायची, जुनी वही अर्धी कोरी होती. तीच घेतली. मुदत ठरलेली आहे. आप्पा मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी आणि एकादशीला दाढी करत नाहीत आणि श्रावण पूर्ण पाळतात. यंदा श्रावण ५ ऑगस्टला लागतोय. म्हणजे ४ ऑगस्टच्या रविवारपर्यंत ब्रश हातात पाहिजे.

१२ जून, बुधवार

मायक्रोमीटर घरी आणला. जुन्या ब्रशाचा केस ०.१८ मि.मी. भरला. माझ्या डोक्याचा ०.०७. गोल वस्तूचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो हे कामावर रोज भोगतो, पण ब्रशाला तो हिशोब कधी लावला नव्हता. त्याच मालाचा ०.१० चा केस घेतला, तर हा ०.१८ चा त्याच्या दहापट ताठ. गाल लाल होणारच.

आप्पांनी विचारलं, काय मोजतोयस. सांगितलं. ते उठले, फळीवरनं पितळी घडीचं भिंग काढून दिलं. कापडातले इंचाचे धागे मोजायचं ते. मग स्वतःच बघत बसले.

"टोक बघ," म्हणाले. "कापलंय."

खरंच. प्रत्येक केसाचं टोक विळ्यानं छाटलेल्या उसासारखं सपाट आणि कडा धारदार. जनावराच्या केसाला टोकाकडं निमुळतं होत जाणं उपजत असतं. चांगला ब्रश बांधणारे म्हणून ती टोकं वरच्या बाजूला ठेवतात, साच्यात केसांना घुमटाचा आकार देतात आणि वरनं कात्री लावत नाहीत. स्वस्तातला ब्रश बांधायचा आणि मग वरून भादरायचा, की झाला घुमट. दिसायला दोन्ही सारखे.

आप्पांना यातलं काही नवीन नव्हतं. पूर्वी पांजणीला, म्हणजे ताण्याला खळ लावताना, पहाटे गल्लीत सूत ताणून कुंच्यानं खळ ओढायचे. कुंचा कापलेल्या टोकांचा निघाला की सुताला तूस सुटायचं. "पहिले आठ दिवस कुंचा दुसऱ्याच्या सुतावर चालवायचा," म्हणाले आणि हसले. कुणाच्या सुतावर, ते सांगितलं नाही.

१६ जून, रविवार

खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली अशी चक्कर. भिंग खिशात. दुकानदार बघत राहिले, पण रविवारची गर्दी होती म्हणून वाचलो.

बाजारात मिळतो तो बहुतेक सगळा जाड नायलॉन. मूठ बदलते, झुबका तोच. एका दुकानात 'बॅजर' लिहिलेला ब्रश तीनशेला होता. बॅजर हा बिळात राहणारा प्राणी आणि त्याचा खरा केस तीन पट्ट्यांत असतो: टोक फिकट, मध्ये काळा पट्टा, खाली पुन्हा फिकट. याचाही पट्टा होता, पण भिंगातनं बघितलं तर सगळ्या केसांवर एकाच उंचीवर, फूटपट्टी लावल्यासारखा. रंगवलेला. बोट ओलं करून चोळलं तर बोटाला तपकिरी रंग आला. मी काही बोललो नाही, ठेवून दिला.

ही लबाडी आजची नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या नावाखाली घोड्याच्या केसांचे ब्रश खपवले गेले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नसल्यानं इंग्लंड-अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स, म्हणजे आपली काळपुळी झाली. माणसं मेली. १९२० साली ब्रिटननं जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदीच घातली. तीनशे रुपयांच्या ब्रशातनं काळपुळी होईल असं मी म्हणत नाही. पण लेबल बघून घेऊ नये, केस बघून घ्यावा.

२१ जून, शुक्रवार

डुकराच्या केसाचा ब्रश मागवला होता, इटलीतल्या ओमेगाचा. बोलोन्याची कंपनी, १९३१ पासूनची आणि डुकराच्या केसात नाव असलेली. आधी माझ्या तोंडावर.

पहिल्या दिवशी वास येतो, ओल्या गोणपाटासारखा. दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर काथ्याच. उकळतं पाणी नको, केसही बिघडतात आणि आतला डिंकही सैल होतो. पण एक गोष्ट मला आवडली. हा केस वापरून वापरून टोकाला फाटतो, एकाचे दोन-तीन होतात आणि मऊ पडतो. नव्या चपलेसारखं, आधी चावते मग पायाची होते. महिनाभरात हा ब्रश फार चांगला होईल.

आप्पांना मात्र चालणार नाही. गळ्यात माळ आहे. डुकराचा केस म्हटल्यावर त्यांनी ब्रश हातातही घेतला नाही, आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. बॅजरचंही तेच. जनावराला मारून काढलेला केस तोंडाला नको, एवढंच म्हणाले. चला, अर्धी यादी एका वाक्यात खोडली गेली.

उरला कृत्रिम धागा. पण तो जुना नायलॉन नव्हे. हल्ली पीबीटी नावाचा पॉलिस्टरच्या घरातला बारीक, टोकाला निमुळता केलेला धागा येतो. आप्पांना पॉलिस्टर म्हटल्यावर पटकन पटलं. आयुष्यभर त्याच्या साड्या विणल्या आणि त्याला शिव्याही घातल्या.

३० जून, रविवार

आप्पांबरोबर सलूनला. सलूनवाले मामा आप्पांच्याच वयाचे, आता खुर्ची मुलगा सांभाळतो. मी विचारलं, चांगला ब्रश कसा ओळखायचा?

"ब्रश कोण विचारतंय आता? ब्लेड नवं घातलंस काय, एवढंच बघत्यात. आणि तोच ब्रश सकाळपासनं वीस तोंडावर फिरलेला असतोय." मामा स्वतः ब्रश प्रत्येक गिऱ्हाइकामागं जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवतात. म्हणूनच त्यांचे केस लवकर झडतात, म्हणाले.

मग माझ्या हातातला ब्रश घेऊन आप्पांच्या गालावर फेस काढून दाखवला. "तू दाबतोस. दाबलास की मधले केस मुळातनं मोडत्यात. घासायला हे काय तपेलं आहे? आधी गोल फिरवायचं, खुंट उभे करायचे, आणि शेवटी नुसत्या टोकानं भिंत रंगवल्यासारखं."

खुंट उभे करणं हेच ब्रशाचं खरं काम. साबण तर बोटांनीही लागतो.

आल्यावर जुन्या ब्रशातले गळालेले केस पुन्हा तपासले. काही पूर्ण लांबीचे, म्हणजे मुळातनं सुटलेले. काही अर्धवट, म्हणजे मोडलेले. पहिला दोष बांधणाऱ्याचा, दुसरा आमचा. निम्मे-निम्मे निघाले.

५ जुलै, शुक्रवार

पार्सल आलं. (पत्त्याच्या यादीत बेळगाव सापडत नाही, बेळगावी निवडावं लागतं. दर वेळी आधी 'बेळगाव' टाइप करून बघतो.) पीबीटीचे दोन सुटे झुबके, दोन्ही २४ मि.मी. मायक्रोमीटरवर धागा ०.१० च्या आसपास. बुडाची चकती प्रत्यक्षात २३.६. चकतीच्या तळापासून घुमटाच्या शेंड्यापर्यंत ६६. भिंगाखाली टोकं सुईसारखी.

आप्पांनी झुबका वरच्या ओठावर फिरवून बघितला. सूत पण असंच बघायचे, बोटांवर भरवसा नाही म्हणायचे, बोटं मागानं मेलेली. "हं. रेशीम नव्हे, पण रेशमाच्या गावचं."

७ जुलै, रविवार

मूठ. आप्पांच्या बोटांचे सांधे सुजलेले, पूर्ण मिटत नाहीत. भंगारातल्या लाकडाच्या तीन नमुना मुठी कातल्या: एक भोवऱ्यासारखी, एक सरळ, एक मध्ये खोल कंबर असलेली आणि २८ वरून ३४ पर्यंत फुगलेली. हात साबणानं बरबटवून धरायला लावल्या. भोवरा निसटला. सरळ तर थेट मोरीत. तिसरी सगळ्यात बेढब, तीच पसंत पडली. "अजून दोन खाचा घाल." घातल्या.

माल कुठला? पितळ कातायला मला आवडतं आणि दिसतंही भारी. पण ५५ लांबीची ही मूठ अंदाजे ३० घन सें.मी. होते, म्हणजे पितळेत अडीचशे ग्रॅम. पावशेर वजन ओल्या हातात, सकाळी सकाळी, शहात्तराव्या वर्षी. लाकूड पाण्यानं फुगून तडकतं. डेलरिन या कडक प्लॅस्टिकच्या रॉडचा तुकडा वर्कशॉपवर पडलेला होता, मालकांना विचारून घेतला. पांढरा, पाणी पीत नाही, कातताना लोण्यासारखा लांब रिबन काढतो. त्यात तीच मूठ ४२ ग्रॅम.

पण ४२ फार हलकी. केस पाणी प्याले की ब्रश वरून जड होतो आणि कलंडतो. म्हणून बुडात २० व्यासाचा, १५ उंचीचा पितळी गोळा ठोकून बसवला, ४० ग्रॅमचा. आता फळीवर नीट उभा राहतो.

१० जुलै, बुधवार

या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त रस या भागात आहे, म्हणून जरा सविस्तर.

झुबका मुठीत किती खोल बसवायचा त्यावर बाहेर राहणाऱ्या केसांची उंची ठरते. आमच्याकडं बोरिंग बार (भोक आतनं कातायचं लांब हत्यार) होल्डरमधनं जितका बाहेर तितका तो लवतो आणि कामावर चॅटर, म्हणजे थरथरीच्या खुणा, येतो. लवणं लांबीच्या घनानं वाढतं. ब्रशाचंही तेच गणित. ५५ उंचीचा केस ५० वर आणला, तर १.१ चा घन म्हणजे १.३३, साधारण एक तृतीयांश जास्त ताठ. एकच झुबका, एकच माल आणि फक्त पाच मिलीमीटरचा फरक. ब्रश घेणारे केस कुठल्या जनावराचा यावर तासभर बोलतात, उंचीचं कुणी विचारत नाही.

तर, खोबण १६ खोल बोअर केली, व्यास २४.०. आत वॉशर टाकून उंची बदलता येते. चिकटवायच्या आधी चकतीला टेफ्लॉन टेप गुंडाळून नुसता दाबून बसवायचा. वॉशर नाही: ५०. दोन मि.मी.चा एक: ५२. पाच मि.मी.चे: ५५. आप्पांना कुठला काय ते सांगितलं नाही.

५५: "फेस बरा, पण लोळतंय."
५०: "हे टोचतंय. पहिल्यासारखं नव्हे, पण टोचतंय."
५२: काही बोलले नाहीत, दाढी केली आणि उठले.

५२ पक्की. वॉशर आतच राहू दिला. शुक्रवारी दाढी झाल्यावर अराल्डाइट लावून रात्रभर ठेवणार.

१४ जुलै, रविवार

फजिती. आप्पांनी ब्रश वाटीत फिरवला आणि झुबका अख्खा वाटीत. मूठ हातात तशीच. डिंकाची चकती आरशासारखी गुळगुळीत सुटलेली, जणू तेल लावून बसवली होती.

आई आतनं: "ऐंशी रुपयेवाल्याचे निदान चारच केस गेले होते."

चूक माझीच. डेलरिन निसरडा, त्याला काहीच धड चिकटत नाही, बेअरिंग आणि गिअर त्याचे करतात ते याच गुणासाठी. रोज त्याचे बुश कातणारा माणूस मी. वर खोबणीला कौतुकानं आरशासारखं फिनिश दिलं. जिथं खरबरीत पाहिजे तिथंच हात दाखवला.

आज शॉप बंद. उद्या खोबणीच्या आत दोन रिंग खाचा काढणार, २ रुंद, १ खोल. डिंक त्यात उतरून वाळला की तोच किल्लीसारखा अडकतो, चिकटायची गरजच नाही. झुबक्याच्या चकतीलाही ८० नंबरचा एमरी मारायचा, कडेला बारीक खाच द्यायची.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. दाढी नाही. डिंक सोमवारी रात्री भरला, अजून हात लावलेला नाही. घरी साबुदाणा, बाहेर मुसळधार.

१९ जुलै, शुक्रवार

व्हाइसमध्ये मूठ धरून झुबका पिळून ओढला. हलत नाही. दोनदा ओढला. आईला बोलावून तिसऱ्यांदा ओढून दाखवला.

२६ जुलै, शुक्रवार

पाऊस थांबायचं नाव नाही, त्याचा फायदा घेतला. तीन पाणी: नळाचं, बोअरचं, पागोळ्यांचं. साबणाच्या वडीवर वीस फेरे मोजून, खानापूरच्या मातीच्या वाटीत फेस. (ही वाटी आतनं काचेसारखी नाही, कुंभाराच्या बोटांच्या रिंगा तशाच आहेत आणि त्या रिंगांवरच फेस चांगला उठतो. ब्रशावर एवढे कष्ट घेतले, वाटी आपोआपच बरी निघाली.)

पागोळ्यांचं पाणी: फेस एवढा की वाटीबाहेर. लोण्यासारखा, पाच मिनिटांनीही तसाच उभा. नळाचं: बरा, थोडा जास्त साबण लागला. बोअरचं: मोठे फुगे आले, दीड मिनिटात बसले आणि वाटीच्या कडेला करडा साका. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, विरघळत नाही, तोच साका. तो केसांच्या मुळाशीही जमतो आणि मग महिन्याभरानं ब्रश राठ लागतो. जुन्या ब्रशाच्या बुडाशी नखानं खरवडलं, पांढरा थर निघाला. म्हणजे त्या बिचाऱ्याला मी सगळाच दोष दिला होता, त्यातला थोडा आमच्या बोअरचा. उपाय सोपा: महिन्यातनं एकदा पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवायचा आणि धुवायचा.

सुकणंही मोजलं, सोनाराच्या काट्यावर. धुऊन, झटकून, खुंटीला. संध्याकाळपर्यंत पीबीटीचा ब्रश कोरड्या वजनावर आला. माझा डुकराचा अजून दोन ग्रॅम पाणी धरून. या हवेत तो कपाटात बंद ठेवला तर बुरशी येणार. ब्रश टांगावा का उभा ठेवावा यावर वाद घालण्यापेक्षा खिडकीजवळ ठेवावा, माझं मत एवढंच.

४ ऑगस्ट, रविवार

अमावास्या, श्रावणाच्या आधीची शेवटची दाढी. केस गळाले: एक, तोही नीट बघितल्यावर टॉवेलचा धागा निघाला. गाल लाल नाही. सुलटा हात झाल्यावर आप्पांनी उलटाही मारला. तो त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी सोडला होता.

दुसरा झुबका उरला आहे. सलूनच्या मामांना दाखवला. जंतुनाशकात रोज बुडवून टिकेल काय, एवढंच विचारलं त्यांनी. धागा टिकेल, डिंकाचं बघावं लागेल म्हटलं. त्यांच्यासाठी खाचा तीन काढतो.

४ सप्टेंबर, बुधवार

श्रावण काल संपला. महिन्याची दाढी, पांढरी, बोटभर. शनिवारी गणपती. असली दाढी म्हणजे ब्रशाची खरी चाचणी, लांब केसांत साबण मुळापर्यंत जातच नाही. आधी कात्रीनं कमी केली, गरम पाण्यातला टॉवेल तीन मिनिटं, मग फेस. पहिला पाण्यासारखा, दुसरा दाट, तिसरा फक्त हनुवटीखाली. ब्रश दाबत होतो, आप्पांनी मनगट धरून थांबवलं: "मामा काय म्हणाला होता?"

केस गळाले: शून्य. ब्लेड मात्र जुलैपासनं तेच होतं, बदलायचं राहिलं. जबड्याजवळ एक चीर, तुरटी लावली.

आप्पा मूठ हातात तोलत बसले. तीन वेळा फेस काढल्यावर मनगट भरून आलं म्हणाले, बूड जड आहे. पितळी गोळ्याला मधनं १२ चं ड्रिल मारलं तर साधारण चौदा ग्रॅम कमी होईल. उद्या दुपारच्या सुट्टीत लेथ रिकामा असतो.